एका युनिटला किती पाणी? जलविद्युत केंद्रात पहिल्यांदा रुजू होणाऱ्यांसाठी

डिप्लोमा किंवा डिग्री हातात घेऊन मुंबईहून जलविद्युत केंद्राच्या मुलाखतीला जाणाऱ्यांनी एका साध्या प्रश्नाची तयारी ठेवावी: एक युनिट वीज तयार करायला किती पाणी लागतं? बहुतेक जण जनरेटरचं पाठ केलेलं सांगू लागतात. खरं उत्तर उंचीवर अवलंबून असतं. ४८० मीटर उंचीवरून पाणी आणलं तर साधारण ८५० लिटर, म्हणजे चाळीच्या गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकीही पूर्ण रिकामी होत नाही. तेच धरणाच्या पायथ्याशी, ८० मीटर उंचीवर, एका युनिटला पाच हजार लिटरच्या वर पाणी लागतं. सोसायटीत येणारा अर्धा टँकर!

हिशेब कागदावर मांडता आला पाहिजे. किलोवॅट = ९.८१ × विसर्ग × उंची × कार्यक्षमता. विसर्ग घनमीटर प्रति सेकंदात, उंची मीटरमध्ये. १५ घनमीटर, ४८० मीटर आणि ०.९ कार्यक्षमता घेतली की सुमारे ६३.५ मेगावॅट येतात. इथली उंची म्हणजे नेट हेड. बोगद्यात आणि पाइपात घर्षणाने गेलेली उंची आधी वजा करायची. नवखे इथेच चुकतात, जलाशयाची पातळी आणि टर्बाइनची पातळी यांची थेट वजाबाकी करून मोकळे होतात.

सह्याद्रीत हे गणित इतकं जमतं, कारण डोंगरच तसा आहे. माथ्यावरची नदी पूर्वेकडे निघालेली असते, पण पश्चिमेला काही किलोमीटरवर कोकण जवळजवळ समुद्रसपाटीला. नदी माथ्यावर अडवायची, पाणी बोगद्याने किंवा कालव्याने कड्यापर्यंत आणायचं आणि पश्चिमेला खाली सोडायचं. मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळाली ती याच युक्तीने. खोपोलीचं केंद्र १९१५ चं, भिवपुरीचं १९२२ चं, भिऱ्याचं १९२७ चं. टाटांची ही तीन केंद्रं आजही चालतात: खोपोली ७२, भिवपुरी ७५ आणि भिरा पंपसंचयाच्या (खालचं पाणी पंपाने पुन्हा वर नेणाऱ्या) १५० मेगावॅटच्या सेटसह ३००. शक्य असेल तर रुजू होण्याआधी एकदा खोपोलीची लोकल पकडा आणि डोंगरावरून उतरणारे पेनस्टॉक, म्हणजे टर्बाइनला पाणी देणारे जाड पाइप, लांबून का होईना बघून या. पुस्तकातल्या आकृतीत तो उतार कळत नाही. आणि भिऱ्याला पाणी देणाऱ्या मुळशीच्या तलावाखाली गावं आणि शेती गेली, त्याविरुद्ध १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, हेही माहीत असू द्या. धरणाजवळच्या गावात राहणार असाल तर त्या गावाच्या आठवणी माहीत असलेल्या बऱ्या.

कोयना हे राज्यातलं सगळ्यात मोठं काम. महाबळेश्वरला उगम पावणारी ही नदी कऱ्हाडला कृष्णेला मिळते. कोयनानगरजवळ १०३ मीटर उंचीचं धरण, मागे शिवसागर जलाशय, साठा १०५.२५ टीएमसी (अब्ज घनफूट). सगळे टप्पे मिळून १,९५६ मेगावॅट. पहिल्या दोन टप्प्यांचं भूमिगत विद्युतगृह पोफळीला. वापरलेलं पाणी कोळकेवाडीच्या धरणात येतं, तिथून तिसऱ्या टप्प्याला, मग वाशिष्ठीमार्गे समुद्राला. एकच पाणी दोनदा वीज देतं.

पाण्याचा जमाखर्च

औष्णिक केंद्रात कोळसा संपला तर रेक मागवता येतो. इथे इंधन वर्षातून एकदाच येतं, जून ते सप्टेंबरात. म्हणून या नोकरीत पहिल्या महिन्यात शिकायची गोष्ट म्हणजे पाण्याची वही. १ टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट, २८.३ दलघमी (दशलक्ष घनमीटर). ११,५७४ क्युसेक (घनफूट प्रति सेकंद) विसर्ग चोवीस तास चालला की १ टीएमसी जातं. हा आकडा तोंडपाठ ठेवा, रोज लागतो. कोयनेच्या पायथा विद्युतगृहाचा एक सेट साधारण १,०५० क्युसेक घेतो, दोन्ही मिळून २,१०० क्युसेक. म्हणजे दिवसाला ०.१८ टीएमसी.

कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेचं पश्चिमेकडे वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधून दिलं. हिशेबाचं वर्ष १ जूनला सुरू होतं. आता पाहा: १,००० मेगावॅटचा चौथा टप्पा एकटाच पूर्ण लोडवर चोवीस तास चालवला तर ४८० मीटर हेड धरून दिवसाला पाऊण टीएमसीच्या थोडं खाली पाणी जाईल, आणि सगळा कोटा तीन महिन्यांत संपेल. म्हणून ही मशीनं दिवसभर चालवण्यासाठी नाहीतच. सकाळी-संध्याकाळी मागणी चढली की उचलायची आणि उतरली की ठेवायची. कधी उचलायची हे केंद्र ठरवत नाही, ऐरोलीचं राज्य भार प्रेषण केंद्र ठरवतं. फोन आला, कोड दिला-घेतला, वेळ लिहिली, मग मशीन. वेळ न लिहिता मशीन चालू केलं तर पुढचा महिना पत्रव्यवहारात जातो.

येव्याचा, म्हणजे जलाशयात येणाऱ्या पाण्याचा, हिशेबही वाटतो तितका सरळ नाही. येवा = साठ्यात झालेली वाढ + सोडलेलं सगळं पाणी. चोवीस तासांत साठा २ टीएमसीने वाढला आणि पायथ्यातून २,१०० क्युसेक सुरू असेल तर सरासरी येवा सुमारे २५,२५० क्युसेक. पश्चिमेकडची मशीनं चालली असतील तर त्यांचं पाणीही मिळवायचं. नवे लोक तेच विसरतात. दुसरा घोळ तासाच्या आकड्यांचा. शिवसागर भरला की त्याचं पृष्ठफळ सुमारे ११५ चौरस किलोमीटर होतं. वाऱ्याने लाट आली आणि पातळीच्या पट्टीवर एक सेंटिमीटर जास्त वाचलं गेलं, तर तेवढ्यानेच त्या तासाचा येवा ११ हजार क्युसेकने फुगतो. दर तासाला येवा उड्या मारताना दिसला तर नदीला दोष देऊ नका, पट्टी वाचणाऱ्याला भेटा. तीन किंवा सहा तासांची सरासरी घेतली की आकडा शहाण्यासारखा वागतो.

पाणी ज्या वाटेने जातं

केंद्रात रुजू झाल्यावर पहिले आठ दिवस कंट्रोल रूममध्ये बसू नका. पाण्याच्या वाटेने चाला. इनटेकच्या तोंडाशी ट्रॅश रॅक, म्हणजे लोखंडी गजांची जाळी. मग हेडरेस बोगदा (पाणी कड्यापर्यंत आणणारा), सर्ज शाफ्ट, प्रेशर शाफ्ट किंवा पेनस्टॉक, मुख्य झडप (सगळे एमआयव्ही म्हणतात), टर्बाइन आणि शेवटी टेलरेस, म्हणजे वापरलेलं पाणी बाहेर नेणारी वाट.

यात सर्ज शाफ्ट समजून घ्यायला वेळ द्या. लांब बोगद्यातलं पाणी म्हणजे धावती मालगाडी. खाली टर्बाइनने दार बंद केलं तरी पाणी लगेच थांबत नाही, दाब होऊन उसळतं. पाइपातल्या पाण्याचा वेग एका झटक्यात ४ मीटर प्रति सेकंदाने कमी झाला तर दाब जवळजवळ ४०० मीटर पाण्याच्या स्तंभाइतका वाढू शकतो. ४८० मीटर हेडच्या पाइपला हे म्हणजे जवळजवळ दुप्पट ओझं. सर्ज शाफ्ट उघड्या विहिरीसारखा असतो. उसळलेलं पाणी तिथे वर चढतं आणि मागचा बोगदा वाचतो. त्याच्या खालच्या पेनस्टॉकला मात्र एकच बचाव, दार सावकाश बंद करणं.

पेल्टन आणि फ्रान्सिस या टर्बाइनच्या दोन प्रकारांतला खरा फरकही इथेच दिसतो. पेल्टनमध्ये लोड अचानक गेला तर आधी डिफ्लेक्टर नावाचा पत्रा एखाद-दोन सेकंदांत फवारा बकेटपासून बाजूला वळवतो आणि नोझलमधली सुई मागाहून निवांत बंद होते. मशीनचा वेगही आवरतो, पाइपलाही धक्का नाही. फ्रान्सिसला ही चैन नाही. तिथे गाइड व्हेन (रनरभोवतीची पाणी आत सोडणारी पाती) लवकर मिटल्या तर पाइप धोक्यात, उशिरा मिटल्या तर रोटर पळतो. त्या काही सेकंदांचा वेळ कमिशनिंगच्या वेळी मोजून बसवलेला असतो. गव्हर्नरमधला (वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेतला) तो स्क्रू कुणी ‘जरा’ फिरवायचा नसतो.

मशीन उचलणं आणि ठेवणं

आता बटण दाबलं की क्रम आपोआप पुढे जातो. तरीही क्रम पाठ असावा, कारण तो मध्येच अडकतो आणि कुठे अडकला ते तुम्हाला सांगावं लागतं. आधी पूर्वतयारी: ऑइल प्रेशर युनिटचा दाब, बेअरिंगमधल्या तेलाची पातळी, कूलिंग वॉटरचा प्रवाह, ब्रेक सुटलेले, कोणतंही ट्रिप रिसेट करायचं राहिलेलं नाही. थ्रस्ट बेअरिंगला (मशीनचं सगळं वजन पेलणाऱ्या) जॅकिंग ऑइल पंप असेल तर तो चालू, म्हणजे फिरायला लागण्याआधीच पॅडवर तेलाचा थर तयार होतो. मग एमआयव्हीची बायपास झडप उघडायची आणि दोन्ही बाजूंचा दाब सारखा होईपर्यंत थांबायचं. दाब सारखा न होता मुख्य झडप उघडायला गेलं तर ती हलत नाही, हललीच तर सील जातं. दाब वाढतच नसेल तर बहुधा गाइड व्हेन पूर्ण मिटलेल्या नाहीत आणि पाणी पुढे गळतंय.

झडप उघडली, गाइड व्हेन थोड्या उघडल्या, मशीन वेगात आलं. वेगाचं गणित सोपं: ५० हर्ट्‌झला २० पोल असतील तर ३०० आरपीएम, १६ असतील तर ३७५. वेग जवळपास पूर्ण झाला की एक्सायटेशन (रोटरला चुंबक करणारी डीसी), मग सिंक, म्हणजे ग्रिडशी जुळवून जोडणं. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळले पाहिजेत. सिंक्रोस्कोपचा काटा घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरत असावा आणि ब्रेकर काटा बाराला किंचित कमी असताना द्यावा, कारण ब्रेकरला बंद व्हायला स्वतःचा थोडा वेळ लागतो. काटा उलटा फिरत असताना दिला तर मशीन लोड द्यायच्या ऐवजी ग्रिडकडूनच वीज ओढतं. हे सगळं काही मिनिटांत उरकतं. थंड पडलेल्या कोळशाच्या केंद्राला तासन्‌तास लागतात, म्हणूनच ग्रिडला हे मशीन प्यारं.

थांबवताना लोड उतरवा, ब्रेकर उघडा, एक्सायटेशन काढा, व्हेन मिटवा. वेग साधारण वीस-तीस टक्क्यांवर आला की ब्रेक. त्याआधी लावले तर पॅड जळतात आणि त्यांची काळी धूळ वाइंडिंगवर बसते. अजिबात न लावता मशीन तसंच रेंगाळू दिलं तर कमी वेगात तेलाचा थर तुटून थ्रस्ट पॅडचा व्हाइट मेटल (मऊ धातूचा थर) घासला जातो. बंद ठेवलेलं मशीन रात्रभर गळक्या व्हेनमुळे हळूहळू फिरत राहिलं आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही, तर सकाळी पॅड बदलायची वेळ येते. फेरी मारताना शाफ्टवर नजर टाका. फिरतोय की थांबलाय ते अंधूक प्रकाशात पटकन कळत नाही. खडूची रेघ मारलेली असली की कळतं.

काय बिघडतं

पावसाळ्यात सगळ्यात जास्त त्रास कचऱ्याचा. पहिल्या मोठ्या पावसात पाला, फांद्या, प्लास्टिक सगळं ट्रॅश रॅकवर येऊन बसतं. जाळीच्या पुढच्या आणि मागच्या पाण्याच्या पातळीतला फरक वाढू लागतो, तेवढं हेड वाया जातं आणि जास्तच झालं तर गज वाकतात. हाच कचरा बारीक होऊन कूलिंग वॉटरच्या स्ट्रेनरमध्ये शिरतो. मग प्रवाह कमी, बेअरिंग गरम, आणि रात्री तीन वाजता ट्रिप. म्हणून तापमानाचा अलार्म वाजेपर्यंत थांबणारा ऑपरेटर चांगला नव्हे. अलार्म आणि ट्रिपचे आकडे प्रत्येक मशीनचे वेगळे असतात, ते पाटीवर लिहिलेले असतातच. बघायचा असतो तो कल: तेच लोड, तेच पाणी, आणि बेअरिंग कालच्यापेक्षा तीन अंश जास्त असेल तर स्ट्रेनर बदलून घ्या.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. बेअरिंगमधल्या तेलाची पातळी कमी झाली तर सगळे धावतात. वाढली तर कुणाला काही वाटत नाही. पण तेल आपणहून वाढत नाही. वाढलं म्हणजे कूलरची नळी फुटली आणि पाणी आत येतंय. तळातून नमुना काढा. दुधासारखा पांढरट दिसला तर मशीन थांबवायची परवानगी मागा.

कॅव्हिटेशनला, म्हणजे कमी दाबाने पाण्यात बुडबुडे होऊन ते फुटण्याला, आवाज असतो. ड्राफ्ट ट्यूबच्या (टर्बाइनखालच्या नळीच्या) मॅनहोलजवळ उभं राहिलं की आत खडी फिरतेय असं वाटतं. फ्रान्सिस मशीन अर्ध्या लोडच्या आसपास चालवलं की रनरखाली (टर्बाइनच्या फिरत्या चाकाखाली) पाण्याचा पीळ तयार होतो आणि सगळं थरथरतं. प्रत्येक मशीनचा असा एक नकोसा पट्टा असतो. तिथे रेंगाळू नका, ओलांडून जा. भार प्रेषणाने नेमका तोच आकडा मागितला तर कारण सांगून वरचा किंवा खालचा घ्या. हिमालयात नोकरी लागली तर गाळ हा वेगळाच शत्रू. सतलजवरच्या १,५०० मेगावॅटच्या नाथपा झाकरीसारख्या प्रकल्पात भूमिगत गाळ-कक्ष बांधलेले असतात, तरीही पाण्यातली क्वार्ट्‌झची बारीक रेती रनर घासून टाकते. आपल्याकडचं जलाशयाचं निवळलेलं पाणी त्या मानाने फार सौम्य.

पेनस्टॉक रिकामा करताना आणि भरताना घाई नको. रिकामा करताना एअर व्हॉल्व्ह गंजून अडकला असेल तर आत निर्वात होतं आणि बाहेरची हवा जाड पोलादी पाइपही डब्यासारखा चेपते. भरताना बायपासमधून सावकाश भरायचा, वर हवा निघतेय हे कानाने ऐकायचं.

भूमिगत विद्युतगृहात सगळ्यात मोठी भीती आगीइतकीच पुराची. बाहेरचा पूर नव्हे, आतला. एखादं सील गेलं, पाइप फुटला आणि ड्रेनेज संपचे (गळतीचं पाणी साठणाऱ्या खड्ड्याचे) पंप वेळेवर सुरू झाले नाहीत, तर पाणी टर्बाइनच्या मजल्यावर चढतं. स्टँडबाय पंप आठवड्यातून एकदा हाताने चालवून बघणं कंटाळवाणं वाटतं. फ्लोट स्विचला शेवाळ धरलेलं त्याच वेळी सापडतं. बॅटरी रूमचंही तसंच. २२० व्होल्ट डीसी गेली तर एकही प्रोटेक्शन काम करत नाही, ब्रेकरला उघड म्हणायला कुणी उरत नाही. सेलचं विशिष्ट गुरुत्व वहीत मागच्या पानावरून उतरवून लिहिणारे असतात. तुम्ही त्यांतले होऊ नका.

डीसीचं महत्त्व ब्लॅक स्टार्टमध्ये, म्हणजे ग्रिड बंद असताना मशीन उचलताना, कळतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. अशा वेळी बाहेरून वीज न घेता स्वतःच्या पायावर उभी राहतात ती मुख्यतः जलविद्युत मशीनं: डिझेल सेटवर ऑइल पंप, बॅटरीवर एक्सायटेशन, वरून पाणी आणि मृत बस (वीज गेलेली मुख्य वाहिनी) चार्ज. ठरावीक काळाने याची रंगीत तालीम होते. तेव्हा सुट्टी घेऊ नका.

धरणाची बाजू

सिव्हिलवाल्यांनी वाचायचं असतं ते गॅलरीत, म्हणजे धरणाच्या आतल्या बोळात. पाझर व्ही-नॉचवर (व्ही आकाराच्या खाचेवर) मोजायचा, पायाखालचा उत्थापक (धरणाला वर ढकलणारा) दाब पिझोमीटरवर, धरणाचा झुकाव लंबकावर. नुसता पाझर असणं वाईट नाही. जलाशयाची पातळी स्थिर असताना तो वाढणं, किंवा स्वच्छ पाझर गढूळ होणं, हे वाईट. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला, तीव्रता ६.३ च्या घरात, आणि त्यानंतर धरण मजबूत केलं गेलं. तिथे या नोंदींकडे कुणी गंमत म्हणून बघत नाही. दरवाजे उघडण्याआधी भोंगा, खालच्या गावांना सूचना, मग टप्प्याटप्प्याने विसर्ग. टेलरेसच्या बाबतीतही हीच शिस्त. दुपारी कोरडं दिसणारं पात्र संध्याकाळी मशीन उचललं की मिनिटांत भरतं आणि तिथे कपडे धुणारी, मासे धरणारी माणसं असतात.

शिरायचं कुठून

वाटा तशा मोजक्याच. राज्याच्या मालकीची जलविद्युत केंद्रं महानिर्मिती चालवते; तिची भरती परीक्षेने होते आणि मुख्यालय वांद्र्याच्या प्रकाशगडात आहे. धरणं जलसंपदा विभागाकडे. तिथे कनिष्ठ अभियंत्याची सरळसेवा आणि वरच्या पदांसाठी एमपीएससीची अभियांत्रिकी सेवा परीक्षा. एनएचपीसीसारख्या केंद्रीय कंपन्यांच्या भरतीत गेटचे गुण उपयोगी पडतात. आमच्या मते डिप्लोमावाल्यांना सगळ्यात चांगली सुरुवात म्हणजे वर्षभराची अप्रेंटिसशिप. तिचं पश्चिम विभागाचं मंडळ शीवला आहे. पैसे कमी, पण एखादं मोठं ओव्हरहॉल त्या वर्षात आलं तर रनर, पॅड, सील सगळं उघडं बघायला मिळतं. तसं नोकरीत पाच-पाच वर्षं मिळत नाही. वर्गात शिकायचं असेल तर नांगलला एनपीटीआयचा जलविद्युत अभ्यासक्रम आणि रुरकी आयआयटीचा जलविद्युत विभाग आहे.

अभ्यासात सिंक्रोनस मशीन आणि प्रोटेक्शन पक्कं करा. ८७ (डिफरन्शियल), ४० (एक्सायटेशन जाणं), ४६ (असंतुलित प्रवाह), ६४ (अर्थ फॉल्ट) हे रिले क्रमांक नावासारखे ओळखता आले पाहिजेत. मेकॅनिकलवाल्यांनी बेअरिंग, हायड्रॉलिक सर्किट आणि एमआयव्हीची सर्व्हिस व मेंटेनन्स सीलं.

राहण्याचं म्हणाल तर कॉलनी, तीन पाळ्या, भूमिगत केंद्रात मोबाइलला रेंज नाही. पोफळी-अलोऱ्याहून मुंबईला यायचं तर चिपळूणची गाडी. पुढे कोयनानगरला जायचं तर कुंभार्ली घाट लागतो, पावसाळ्यात तो कधी बंद होईल सांगता येत नाही, म्हणून रजेच्या शेवटच्या दिवशी निघू नका. चांगले गमबूट, टॉर्च आणि कानाचे प्लग स्वतःचे ठेवा.

पाळी घेताना आधीच्या माणसाचं ऐकून लॉगबुकवर सही करू नका. चालू परमिट (कामाच्या लेखी परवानग्या) किती, कोणत्या मशीनच्या एमआयव्हीला कुलूप आहे आणि किल्ली कुणाकडे, संपचा कोणता पंप ऑटोवर, जलाशयाची शेवटची पातळी किती वाजताची, हे विचारा, मग खाली टर्बाइनच्या मजल्यावर एक फेरी मारून या, आणि मगच सही.